चौथ्या मजल्यावरचं गरम पाणी

थोरल्या जावेच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन करायला हवं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सोबत कोण जाणार हा प्रश्न आला. थोरलीचा मुलगा परदेशात, सून बाळंतीण, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. शेवटी धाकटी म्हणाली, "मी जाते." म्हणाली खरी, पण मग तिचं तिलाच नवल वाटलं. दोघी जावांमध्ये भांडण नव्हतं, पण माया उतू जात होती असंही नाही. थोरली तीस वर्षं पोस्टात काउंटरला बसलेली. घरातही तिच्यासमोर गेलं की आपण रांगेत उभे आहोत असं वाटायचं. धाकटी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवायची. दीडशे पोरींचं दोन वेळचं जेवण, तीन मोठ्या शेगड्या, हाताखाली चार बायका. तिथे रांगेत इतर उभे राहायचे.

राहायची सोय मुलाने तिकडूनच मोबाइलवर केली. "आई, दवाखान्यापासून चालत पाच मिनिटं. फोटो बघ." फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या, टेबलावर फुलं होती आणि खिडकीतून आभाळ दिसत होतं. भाडं ऐकून धाकटीने दोनदा विचारलं, हे एका दिवसाचं की आठवड्याचं. "काकू, चांगलं हॉटेल आहे. आईची गैरसोय नको," पुतण्या म्हणाला. त्याच्या शब्दापुढे मग कोण बोलणार.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पाच दिवस जवळच राहा, रोज तपासायला या. मान सतत खाली ठेवायची, झटका बसू द्यायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. एवढं सांभाळलं तर नजर वाचेल. डोळ्याला पट्टी बांधलेल्या थोरलीचा हात धरून धाकटी हॉटेलात आली ती संध्याकाळी.

खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिसऱ्यापर्यंतच चालायची. पुढचा जिना चढावा लागला. थोरली एकेक पायरी पायाने चाचपत चढली आणि धाकटी तिच्या मागे दोन्ही हात पसरून, जणू भरलं पातेलं कोणी उचलून नेतंय. चादर पांढरी होती, मधोमध इस्त्रीचा तपकिरी डाग सोडला तर. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. आभाळ बघायचं तर खिडकीत आडवं झोपावं लागलं असतं. उशीला दुसऱ्या कोणाच्या तरी तेलाचा वास होता. टीव्हीच्या रिमोटला सेल नव्हते. खाली फोन लावला तर तो वाजत राहायचा, वाजत राहायचा आणि आपोआप बंद पडायचा.

"एवढे पैसे घेतात आणि फोन उचलायला माणूस नाही," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे गं. पाच दिवसांचा प्रश्न," थोरली मान खाली घालून म्हणाली. "मला तसंही काही दिसत नाहीये."

ती विनोद करू शकते हे धाकटीला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला गरम पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाथरूममध्ये विजेचा गिझर होता, पण त्याची वायर जळून काळी पडलेली. खालून बादली वर यायची तोवर पाणी कोमट व्हायचं, आणि थंडी तर ऐन भरात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सरळ खाली गेली. मॅनेजर टाय लावून काउंटरमागे बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, म्हणाला, "मॅडम, तक्रार नोंदवली आहे."

"नोंदवू नका. पाणी द्या," धाकटी म्हणाली. "वर पेशंट आहे. मी इथून हलणार नाही."

ती खरंच हलली नाही. सोफ्यावर बसून राहिली आणि दारातून येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगत राहिली की इथे गरम पाणी येत नाही. तासाभरात प्लंबर आला. त्या संध्याकाळी बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गिझर लागला आणि बेसिनखाली छोटा सिलिंडर. नळ सोडला की खट् आवाज व्हायचा, आत ज्योत पेटायची आणि घटकेत वाफाळतं पाणी. थोरलीने बादलीत बोटं बुडवून बघितली. "हे मात्र तू छान केलंस," ती म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती; थोरल्या जावेने केलेलं कौतुक धाकटीला बोटांवर मोजता आलं असतं.

पण गिझरच्या जाळीतून दिसणारी ज्योत धाकटीला आवडली नाही. शेगडीची ज्योत निळी हवी, हे तिच्या हाताखालच्या नव्या बाईलाही ठाऊक होतं. ही पिवळी होती, लवलवणारी. ती वाकून सिलिंडरपाशी नाक नेऊन हुंगत राहिली. नळीला साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडा नाही, वास नाही. गळती असली तर वास येणारच. गॅसच्या बाबतीत तिच्या नाकाने आजवर तिला कधी फसवलं नव्हतं. तरी ती मॅनेजरला म्हणाली, "ज्योत पिवळी जळतेय."

"नवीन आहे मॅडम. सुरुवातीला असंच जळतं."

तिने आणखी एक बघितलं होतं. बाथरूमच्या वरच्या झरोक्यावर प्लायवूड ठोकलेलं होतं. "कबुतरं येतात," मॅनेजरने सांगितलं. ते तिला पटलं. कबुतरं येतातच.

त्या संध्याकाळी तिने मनसोक्त न्हाऊन घेतलं. बाहेर आली तेव्हा डोकं जड झालं होतं, छातीत धडधडत होतं, आणि पलंगाच्या कडेवर बसल्यावर खोली किंचित फिरल्यासारखी वाटली. तीन दिवसांचं जागरण, तिने स्वतःशी म्हटलं. थोरलीने दार लोटून पाच मिनिटांत अंग धुतलं. तिचंही कपाळ ठणकत होतं. डोळ्याचं असेल, दोघींना वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी सफाईवाली बाई आली. पन्नाशीची, बोलायला कमी. तिने बाथरूमचं दार उघडून त्याला बादली टेकवली, मगच आत गेली. फरशी पुसून बाहेर आल्यावर ती पुसायचं फडकं पिळत उभी राहिली. जायचं नाव घेईना.

"काय हो?" धाकटीने विचारलं.

"आंघोळ करताना आतून कडी लावू नका."

"का? अडकते का कडी?"

बाईने बाहेरच्या बोळात बघितलं. "हो. अडकते," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

धाकटीला तिचा चेहरा कसासाच वाटला. पण अडकणाऱ्या कड्या तिने आयुष्यभर बघितल्या होत्या. तिने थोरलीला सांगितलं, "ताई, कडी लावू नका हं. अडकते म्हणे."

मग ती आधी आत गेली. दार लोटून घेतलं, आंघोळ केली आणि गरम पाणी आहेच म्हणून दोघींचे चार दिवसांचे कपडेही धुतले. वीस-पंचवीस मिनिटं नळ सुरू होता. बाहेर आली तेव्हा तिच्या कानांत गुणगुण होत होती. तिने थोरलीसाठी स्टूल ठेवलं, बादली अर्धी भरली, नळ तसाच बारीक सोडून दिला आणि तिला आत बसवून बाहेर आली. मागे दार लागलं. मग कडीचा आवाज आला.

"ताई, कडी."

"अगं, कोणी आलं तर? तू आहेस ना बाहेर," आतून थोरली म्हणाली.

धाकटीला रस्सीवर कपडे वाळत घालायचे होते. खिडकीत एक रस्सी बांधून घेतली होती तिने. दोन लुगडी, परकर, टॉवेल. हात उचलले की दुखत होते. चौथा कपडा घालताना तिच्या लक्षात आलं की आतून पाणी पडण्याचा आवाज येतोय, पण तांब्याचा आवाज येत नाही. ती थांबली. पाण्याची एकसारखी धार. बादली भरून वाहत असावी असा आवाज.

"ताई?"

उत्तर आलं नाही.

ती दारापाशी गेली. "ताई, बादली वाहतेय. नळ बंद करा."

नुसतं पाणी. आणि मध्येच काहीतरी घासत खाली गेल्याचा आवाज, जड पोतं भिंतीवरून सरकावं तसा.

तिने दार ढकललं; कडी आतून घट्ट. तिने मुठींनी दार बडवलं, हाक मारली, पुन्हा मारली. फोन उचलून खाली लावला. वाजत राहिला. तिला तो आवाज कानात शिसं ओतल्यासारखा वाटला. फोन तसाच लोंबकळत सोडून ती बोळात धावली आणि समोरच्या खोलीचं दार बडवू लागली.

दार उघडलं ते एका औषध कंपनीच्या फिरत्या सेल्समनने. बनियनवर होता, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. "बाथरूम... माझी जाऊ... आत..." तो एवढ्यावरच धावला.

त्याने दाराला खांदा लावला तशी धाकटी ओरडली, "नको. ती दाराला टेकून असेल. तिच्या डोक्याला झटका नको बसायला." प्लास्टिकचं दार होतं, खाली वेगळी फळी बसवलेली. दोघांनी टेबलाजवळची लोखंडी खुर्ची उचलून तिच्या पायाने त्या फळीवर मारायला सुरुवात केली. एक, दोन, पाच. फळी चिरली. धाकटीने चिरेत बोटं घालून ती ओढली. नखं निघाली तेही तिला कळलं नाही. भोकातून गरम, दमट हवा अंगावर आली. तिला काहीच वास आला नाही. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. काय घडतंय ते तिच्या नाकाला कळत नव्हतं.

भोकातून थोरलीची पाठ दिसली. स्टुलावरून घसरून ती भिंतीला टेकून पडली होती, मान छातीवर, पट्टी भिजलेली. धाकटी आडवी होऊन खांद्यापर्यंत आत शिरली. इतकी वर्षं स्वयंपाकघरात काही झालं की तिचा हात आधी जिथे जायचा तिथेच गेला: बेसिनखाली, रेग्युलेटरवर. तिने तो बंद केला. मग हात वर नेऊन चाचपत कडी काढली.

"तुम्ही तोंड फिरवा," ती सेल्समनला म्हणाली, आणि पलंगावरची ती डागाची चादर ओढून तिने थोरलीला गुंडाळलं. "आता धरा. मान मी धरते. हळू."

दोघांनी तिला बोळात आणलं. सेल्समन एका हाताने भिंत धरून उभा राहिला, पांढराफटक. "मलाही गरगरतंय," तो म्हणाला. थोरलीचा श्वास चालू होता की नाही हे धाकटीला ठरवता येईना. तिने गाल तिच्या नाकाजवळ नेला. स्वतःच्याच छातीची धडधड इतकी होती की बाकी काही कळत नव्हतं. मग गालाला काहीतरी लागलं. ऊब. थांबून पुन्हा एकदा.

दवाखाना पाच मिनिटांवर होता. ॲम्ब्युलन्स यायला वीस लागली असती, म्हणून सेल्समनने खाली धावत जाऊन रस्त्यावरची एक माल वाहायची गाडी थांबवली. गाडीवाला आणि सेल्समन अशा दोघांनी मिळून खुर्चीत बसवून थोरलीला जिन्यावरून उतरवलं. मॅनेजर काउंटरमागून उठून आला आणि म्हणाला, "काय झालं? बीपी लो झालं का?" त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

तातडीच्या विभागात थोरलीच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीण बाहेर आली ती एकच प्रश्न घेऊन. "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?"

"आहे. पण वास नव्हता. मी फेस लावून बघितलं होतं."

"तो गळतीचा गॅस नाही. बंद खोलीत ज्योत नीट जळली नाही की वेगळा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. त्यांच्या आधी कोणी आत होतं का?"

धाकटीने हो म्हणून मान हलवली. वीस-पंचवीस मिनिटं. चार दिवसांचे कपडे. ती हवा तिनेच भरून ठेवली होती आणि त्यात थोरलीला स्टुलावर नेऊन बसवलं होतं. ती बाकावर बसली.

"वाचेल ना?"

"वेळेवर आणलंत. पण लगेच काही सांगत नाही. तुमचंही रक्त तपासायला हवं."

बाकावर बसल्या बसल्या तिला ते प्लायवूड आठवलं. प्रत्येक बाथरूमला तेच असणार. आणि मजल्यावर आणखी गिझर असतील तर? तिने हॉटेलचा नंबर फिरवला. वाजत राहिला. पुन्हा फिरवला. मग ती उठली. नर्स म्हणाली, कुठे निघालात, रक्त द्यायचंय. धाकटी म्हणाली, "आले," आणि धावत सुटली.

चौथ्या मजल्यावर सफाईवाली बाई भिंतीला टेकून बसली होती, तोंडावर पदर. धाकटीला बघून ती उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे एक साहेब पडले होते. मॅनेजर म्हणाले, कोणाला बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस. मी कडीचं सांगितलं होतं बाई."

धाकटीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याचबरोबर तिचं कडीचं वाक्य ऐकूनही आपण कपडे वाळत घालत उभ्या राहिलो हेही आठवलं. "किती खोल्यांत लावलेत?"

"या मजल्यावर चार. वर तीन."

"चला. किल्ल्या घ्या."

दोघी दारं बडवत निघाल्या. पहिल्या खोलीत कोणी नव्हतं. बाईने आत जाऊन सिलिंडर बंद केला. दुसऱ्यात एक कुटुंब नाश्ता करत होतं. बापाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग ऐकलं आणि स्वतः उठून रेग्युलेटर काढला. तिसऱ्या दारामागून पाण्याचा आवाज येत होता. धाकटीने दार वाजवलं. कोणी येईना. जोरात वाजवलं. आतून फक्त पाणी.

तोवर मॅनेजर जिना चढून आला होता. "मॅडम, हे चालणार नाही. दुसऱ्या गेस्टच्या खोलीत असं घुसता येत नाही. आमची काही बदनामी..."

"उघडा," धाकटी बाईला म्हणाली.

बाईने मॅनेजरकडे बघितलं. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग तिने किल्ली लावली.

आत पलंगावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. कानातलं यंत्र त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलेलं. बाथरूमचं दार बंद. धाकटी त्यावर जाऊन आदळली. दोन क्षण काहीच नाही. ते दोन क्षण तिला पुढे कितीतरी महिने स्वप्नात पडत राहिले. मग दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेली, साबणाने माखलेली एक म्हातारी बाहेर आली.

"काय तमाशा आहे हा," ती म्हणाली. "माणसाला आंघोळ सुखाने करू देत नाही. तुम्ही कोण?"

धाकटी खाली बसली आणि रडायला लागली. म्हातारी आधी चिडली, मग घाबरली, मग तिने साबणाच्याच हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोवर सफाईवाली बाई वरच्या तिन्ही खोल्यांतले सिलिंडर बंद करायला धावली होती. थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली, "मला वाटलं, म्हातारपणानेच डोकं दुखतंय दोन दिवस."

थोरली दुसऱ्या दिवशी दुपारी नीट शुद्धीवर आली. तिने विचारलं, "आपण हॉटेलात कधी जायचं?" हॉटेलातले चारही दिवस तिच्या डोक्यातून पुसून गेले होते. जिना नाही, गिझर नाही, कडी नाही. डॉक्टरीण म्हणाली, असं होतं कधीकधी. डोळाही वाचला, पट्टी काढली तेव्हा तिला समोरच्या भिंतीवरची तारीख वाचता आली.

धाकटीने तिला सगळं सांगितलं. आपल्या कपड्यांचंही. लपवून ठेवणं तिला जमलं नसतं. सांगताना तिची नजर जमिनीवर होती. थोरली म्हणाली, "मला यातलं काहीच आठवत नाही. म्हणजे भीती सगळी तुझ्याच वाट्याला आली."

हॉटेलने दवाखान्यात फळांची टोपली पाठवली. सेल्समनने मात्र आधीच प्रत्येक झरोक्याचे आणि गिझरचे फोटो काढून ठेवले होते. अग्निशमन खात्याचे लोक आले तेव्हा गिझर भिंतींवरून गायब झाले होते, पण भिंतीत ताजी भोकं होती आणि गिझर फोटोत होते. तपासणीनंतर हॉटेलला टाळं लागलं. किती दिवस, ते धाकटीने विचारलं नाही. सफाईवाल्या बाईने जबाब दिला, हे तिला सेल्समनकडून कळलं. पुढे त्या बाईचं काय झालं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी बुकिंगवाल्यांचा फोन धाकटीला आला; पुतण्याने तिचा नंबर दिला होता. एका मुलीने गोड आवाजात विचारलं, "मुक्काम कसा झाला?" धाकटीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलीने मध्ये अडवलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "आणि खोलीच्या स्वच्छतेला पाचपैकी किती गुण द्याल?"

धाकटीने फोन ठेवून दिला.

त्यानंतर ती कुठेही राहायला गेली, नातेवाइकांकडे का असेना, की चपला काढायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन झरोका बघायची. खुर्चीवर चढून हाताने चाचपायची, हवा येते का. एकदा एका घरातल्या पोरांनी तिची नक्कल केली आणि सगळे हसले. थोरली तिथेच बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, "बघू दे तिला," आणि खुर्ची डगमगू नये म्हणून ती उठून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.